छायाचित्राचा समतोल : काट्यावरचा आणि डोळ्यांतला

काही वर्षांपूर्वी घोटी परिसरातील शाळकरी मुलामुलींनी काढलेल्या छायाचित्रांच्या एका स्पर्धेत परीक्षक म्हणून मला बोलावले होते. विषय होता 'आमचा पावसाळा'. माझी पात्रता एवढीच, की मी मूळचा घोटीचा आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्यातून छायाचित्रे काढणे हा गेली वीस वर्षे माझ्या कामाचा भाग आहे. गुणपत्रिकेत पाच रकाने होते. त्यांतला एक 'रचनेचा समतोल', गुण दहा.

बहुतेक छायाचित्रे अपेक्षेप्रमाणे होती. धबधबे, ढगांत बुडालेली कळसूबाईची रांग, रंगीत छत्र्या, चिखलात खेळणारी मुले. नववीतल्या एका मुलीचे छायाचित्र मात्र निराळे होते. चिखलणी झालेले भाताचे खाचर, त्यात साचलेले पाणी आणि पाण्यात करडे आकाश. चौकटीच्या अगदी उजव्या कडेला वाकून आवणी करणारी एक बाई. ती त्या मुलीची आई. बाईचे तोंड उजवीकडे, म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या दिशेला. तिच्या पाठीमागे, डावीकडे, जवळजवळ सगळी चौकटभर रिकामे पाणी.

मी समतोलाच्या रकान्यात दहापैकी तीन गुण दिले आणि शेरा लिहिला, 'व्यक्ती फार कडेला गेली आहे. तोंडासमोर जागा सोडायला हवी होती. डावी बाजू वाया गेली.' छायाचित्रणाच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकाच्या कसोटीवर हा शेरा बिनचूक ठरला असता.

बक्षीस समारंभ संपल्यावर ती मुलगी गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिला शेरा खरोखरच समजला नव्हता. ती म्हणाली, "सर, आवणी मागं मागं सरकत करतात ना? आई तिकडंच चाललीय. मग मोकळी जागा तिच्या पाठीमागं नको तर कुठं पाहिजे?"

मला उत्तर सुचले नाही. आवणी करणारा माणूस लावलेल्या रोपांकडे तोंड करतो आणि न लावलेल्या खाचरात मागे मागे सरकत जातो, म्हणजे लावलेली रोपे पायाखाली येत नाहीत. हे मला कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. लहानपणी मी स्वतः रोपांच्या जुड्या हातात घेऊन त्या चिखलात उभा राहिलो आहे. तरीही छायाचित्र पाहताना मला शेत आठवले नाही, नियम आठवला. असे का झाले, याचा शोध घेताना समतोलाच्या नियमांचीच परीक्षा घ्यावी लागली. शाळांतून चित्रकला, छायाचित्रण आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना ती उपयोगी पडेल असे वाटते.

काट्याची उपमा

दृश्य समतोल समजावून सांगताना आपण सगळे एकच उपमा वापरतो: तराजूची. घोटीच्या मुलांना ती सांगायला फार सोपी. गावात भाताच्या गिरण्या आहेत. गिरणीतला जुना वजनकाटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल, की खाली फळीवर भाताचे पोते ठेवायचे आणि वर दांडीवर एक लहानसे वजन सरकवत न्यायचे. ठरावीक जागी ते आले की दांडी आडवी होते. मूठभर वजन क्विंटलभर भाताला तोलून धरते, कारण ते टेकूपासून लांब असते. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा हा तरफेचा नियम मुले शाळेत शिकतातच.

चित्राची चौकट हीसुद्धा अशीच एक दांडी आहे आणि चौकटीचा मध्य हा तिचा टेकू आहे, असे मानले की समतोलाचे दोन प्रकार लगेच मिळतात. दोन्ही बाजूंना सारख्याच आकृत्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असतील तर तो तराजूचा समतोल. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना संकल्पचित्रात तो चांगला ओळखीचा असतो. मध्याजवळ मोठा डोंगर आणि दूरच्या कडेला लहानसे झाड असेल तर तो वजनकाट्याचा समतोल. हेन्री पूर या अमेरिकन चित्रकाराने १९०३ साली चित्ररचनेवर लिहिलेल्या पुस्तकात दुसऱ्या प्रकाराला लांब दांडीच्या काट्याचेच नाव दिले आहे. पुढे डेनमन रॉस यांनी १९०७ मध्ये आणि रुडॉल्फ अर्नहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये या कल्पनेला अधिक शास्त्रीय रूप दिले. आज हौशी छायाचित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत जे काही असते ते बरेचसे या तिघांकडून, पण बहुधा त्यांचे नाव न घेता, आलेले असते.

या उपमेत तथ्य नाही असे मुळीच नाही. नवशिक्या मुलाला, 'सगळे एका कोपऱ्यात कोंबू नकोस, दुसरी बाजूही पाहा' एवढे सांगायला ती उत्तम आहे. अडचण येते ती आपण उपमेला नियम समजू लागलो आणि त्यावर दहापैकी गुण देऊ लागलो की. काट्यावर गुण द्यायचे तर आधी काट्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तोलायचे काय? टेकू कोठे? आणि मापाडी कोण?

तोलायचे काय?

गिरणीत भात तोलतात, चित्रात काय तोलायचे? बहुतेक पुस्तके सांगतात की गडद भाग जड आणि फिका भाग हलका. थोड्या पानांनंतर तीच पुस्तके असेही सांगतात की नजर आधी उजळ भागाकडे जाते, म्हणून उजळ भाग जपून ठेवावा. दोन्ही विधाने एकेकटी पटतात. एकत्र ठेवून हिशेब करून पाहू.

त्या मुलीचे छायाचित्र १५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे असे समजा. त्यावर अडीच सेंटिमीटरचे चौरस आखले तर आडवे सहा आणि उभे चार, असे २४ चौरस होतात. प्रत्येक चौरसाला त्याच्या गडदपणानुसार ० ते ४ आकडा द्यायचा. आकाश आणि पाणी सगळीकडे फिके करडे, त्यांना १ देऊ. उजव्या कडेच्या स्तंभातील दोन चौरसांत, एकात बाई आणि खालच्यात तिचे पाण्यातले प्रतिबिंब आहे. त्यांना ४ देऊ. म्हणजे २२ चौरसांचे २२ आणि दोन चौरसांचे ८, एकूण ३०.

आता डाव्या कडेपासून गुरुत्वमध्य काढू. सगळे चौरस १ असते तर एकूण २४ आणि मध्य ७.५ सेंटिमीटरवर. बाईच्या दोन चौरसांत त्याहून जास्तीचे ६ आहेत आणि त्या चौरसांचा मध्य १३.७५ सेंटिमीटरवर आहे. म्हणून २४ गुणिले ७.५ अधिक ६ गुणिले १३.७५, म्हणजे २६२.५, याला ३० ने भागले की ८.७५ येतात. चित्राचा गुरुत्वमध्य चौकटीच्या मध्यापासून सव्वा सेंटिमीटर उजवीकडे गेला. चित्र उजवीकडे कलते. माझा शेरा बरोबर.

आता उजळ भाग जड असे मानू आणि प्रत्येक चौरसाला ४ उणे आधीचा आकडा असा नवा आकडा देऊ. पाण्या-आकाशाच्या चौरसांना ३, बाईच्या चौरसांना ०. एकूण ६६. गुरुत्वमध्य ६.९३ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे मध्यापासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्त डावीकडे. तेच चित्र, तीच चौकट आणि आता ते डावीकडे कलते!

भाताचे पोते कोणत्याही गिरणीत नेले तरी उजवीकडचे डावीकडे जड होत नाही. जो काटा काय तोलायचे हे स्वतः ठरवू शकत नाही, त्याचे माप घेऊन दहापैकी तीन गुण देणे धाडसाचे आहे. ही आकडेमोड नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येते. आलेखाचा पारदर्शक कागद छायाचित्रावर ठेवून मुलांना गटागटाने करू द्यावी. निरनिराळ्या गटांची उत्तरे फळ्यावर मांडली की चर्चा आपोआप सुरू होते.

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ ख्रिस मॅकमॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. नावाजलेल्या कलात्मक छायाचित्रांचे आणि लोकांनी स्वतः कातरून चौकट ठरवलेल्या छायाचित्रांचे गुरुत्वमध्य त्यांनी काढले आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर चौकटींशी ते ताडून पाहिले. अर्नहाइमची उपपत्ती अशी शब्दशः, भौतिकशास्त्रातल्या वस्तुमानाच्या अर्थाने घेतली तर तिला या मोजमापांतून आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्नहाइमवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की त्याने चित्रातील वजनाला मानसिक वजनच म्हटले होते. आकार, रंग, एकटेपणा, पाहणाऱ्याचे कुतूहल हे सारे त्याने त्यात धरले होते. सोप्या पुस्तकांनी त्यातून कुतूहल वगळले आणि काटा तेवढा ठेवला.

टेकू कोठे?

दुसरा प्रश्न टेकूचा. काट्याचा टेकू चौकटीच्या मध्यावर, असे एक नियम सांगतो. लगेच दुसरा नियम सांगतो की मुख्य विषय मध्यावर कधीही ठेवू नये. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करावेत आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे विषय ठेवावा. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यातही या रेषा पडद्यावर उमटवता येतात, त्यामुळे मुलांना हा नियम न शिकवताच पाठ होतो.

या नियमाचा उगम पाहण्यासारखा आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण देखाव्यांवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने आकाश आणि जमीन, उजेड आणि सावली यांसारख्या गोष्टींची वाटणी निम्मी-निम्मी करण्यापेक्षा एकास दोन केलेली बरी दिसते, असे मत मांडले आणि त्याला एक-तृतीयांशाचा नियम म्हटले. त्यानंतर ४२ वर्षांनी, १८३९ साली, छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली. म्हणजे एका चित्रकाराची वाटणीविषयीची आवड कालांतराने छायाचित्रातील चार बिंदूंचा कायदा बनली.

या कायद्याला वजन यावे म्हणून पुष्कळदा सुवर्ण गुणोत्तराचा दाखला दिला जातो. १५ सेंटिमीटर रुंदीच्या छायाचित्रात तृतीयांशाची रेषा ५ सेंटिमीटरवर येते आणि सुवर्ण गुणोत्तराची ५.७३ सेंटिमीटरवर. दोन्हींत सात मिलिमीटरांहून अधिक अंतर आहे. एका माणसाचे डोके झाकायला ते पुरेसे आहे. दोन वेगळ्या जागांना एकच सौंदर्याचे रहस्य म्हणून सांगणे विज्ञान शिकवणाऱ्याला शोभत नाही.

नियमाच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की नवशिका माणूस प्रत्येक गोष्ट मध्यावरच ठेवतो आणि हा नियम त्याला मध्य सोडायला लावतो. सवय मोडण्यासाठी नियम चांगला आहे. पण मोडलेल्या सवयीच्या जागी दुसरी सवय बसली तर शिकणे पुढे जात नाही.

मापाडी कोण?

खरा मुद्दा तिसऱ्या प्रश्नात आहे. काटा कोण वाचतो? चित्राच्या बाबतीत मापाडी म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा आणि त्यामागचा मेंदू. दृष्टिपटलाच्या मध्यावर एक लहानसा खळगा असतो. स्पष्ट, बारकाव्यांसह दिसते ते फक्त या खळग्यावर पडलेल्या प्रतिमेतून. हात पुढे ताणून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. साधारण तेवढाच भाग एका वेळी नीट दिसतो. म्हणून चित्र पाहताना डोळा सेकंदाला साधारण तीन-चार वेळा उडी मारतो, थांबतो आणि पुन्हा उडी मारतो. दांडी संपूर्णपणे एकदम समोर असते आणि डोळा तिचा झुकाव पाहतो, असे घडत नाही. चित्र तुकड्यातुकड्यांनी गोळा होते आणि कोणते तुकडे आधी गोळा करायचे हे पाहणाऱ्याच्या मनातला प्रश्न ठरवतो.

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस याने हे प्रयोगाने दाखवले. त्याच्या १९६५ च्या पुस्तकात इल्या रेपिन याच्या एका प्रसिद्ध चित्रावरचा प्रयोग आहे. दीर्घ काळानंतर अचानक घरी परतलेला माणूस आणि त्याला पाहून दचकलेले कुटुंबीय, असे ते चित्र. यार्बुसने एकाच माणसाला ते पुन्हा पुन्हा दाखवले आणि दर वेळी निराळा प्रश्न विचारला. 'या कुटुंबाची आर्थिक स्थिती कशी आहे?' 'यांची वये काय असावीत?' दर वेळी नजरेने कापलेली वाट वेगळी निघाली. वयाच्या प्रश्नाला नजर चेहऱ्यांवर खिळली. स्थितीच्या प्रश्नाला ती कपडे आणि घरातल्या वस्तूंवर फिरली. चित्रातील एकही रंग बदलला नव्हता.

दुसरी साधी चाचणी आरशाची. एखादे छायाचित्र आरशात पाहिले तर प्रत्येक भागाचे मध्यापासूनचे अंतर तेच राहते, फक्त बाजू बदलते. काट्याच्या हिशेबाने समतोलात काहीही फरक पडायला नको. पण अनेक चित्रे आरशात परकी वाटतात. शोक्रॉन आणि द आगोस्तिनी या संशोधकांनी २००० साली डावीकडून उजवीकडे वाचणारे फ्रेंच आणि उजवीकडून डावीकडे वाचणारे हिब्रू वाचक यांना चित्रे आणि त्यांची आरशातली रूपे दाखवली, तेव्हा दोन्ही गटांची पसंती वाचनाच्या दिशेनुसार उलटसुलट आढळली. लिपीची सवयसुद्धा काट्यावर बोट ठेवते!

ज्ञानाचे वजन

पाहणाऱ्याला जे ठाऊक आहे त्याचेही चित्रात वजन असते. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातल्याच एका छायाचित्रकाराने दिले आहे. मुंबईचे नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेची छायाचित्रे घेतली. बागेच्या भिंतींवर राहिलेल्या गोळ्यांच्या खुणा त्यांत दिसतात. भिंत मोठी आणि खूण लहान. करड्या छटांचे चौरस आखून हिशेब केला तर एका खुणेचा वाटा जवळजवळ शून्य येईल. पण १३ एप्रिल १९१९ ला तिथे काय झाले हे ज्याला ठाऊक आहे त्याची नजर त्या खुणांवरून हलत नाही. त्याच्यासाठी सगळी भिंत हलकी आणि खुणा जड. हे ज्याला ठाऊक नाही त्याला गिलावा पडलेली एक भिंत दिसेल. दोघांसाठी एकाच छायाचित्राचा तोल निराळा आहे आणि दोघांपैकी कोणाचेही डोळे खराब नाहीत.

दुसरे उदाहरण घोटीच्या शेजारचे आहे. घोटीच्या उत्तरेला, डोंगरांपलीकडे, त्र्यंबकेश्वर आहे. तिथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा १९१३ चा चित्रपट सर्वांना माहीत असतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी 'अंकुराची वाढ' नावाची एक छोटी फिल्म केली होती, ती विज्ञान शिक्षकांना अधिक जवळची वाटावी. वाटाण्याचे रोप उगवून वाढते ते तिने पडद्यावर काही क्षणांत दाखवले. कॅमेरा एका जागी पक्का बसवायचा, ठरावीक वेळाने एक-एक चित्र घ्यायचे आणि नंतर ती सगळी सलग दाखवायची, अशी ही पद्धत.

अशी फिल्म करणाऱ्या माणसाच्या जागी आपण उभे राहू. पहिल्या दिवशी कुंडीत फक्त माती आहे. चौकट कशी आखायची? काट्याचा नियम मानून कुंडी आणि माती सुरेख तोलून मध्यावर आणली, तर आठवड्याभरात रोप चौकटीबाहेर जाईल. म्हणून पहिल्या दिवशी खाली कुंडी आणि वर मोठी रिकामी जागा, अशीच 'असमतोल' चौकट घ्यावी लागते. ती जागा अजून न उगवलेल्या रोपासाठी राखलेली असते. ज्याला रोप वाढते हे ठाऊक आहे तोच ती राखू शकतो. मुलांनी मोबाइलवर मटकीला मोड येताना किंवा वाटाण्याचे रोप वाढताना टिपायचा प्रयोग केला, तर पहिलाच प्रश्न हा येतो: रिकामे किती सोडायचे? ते सोडण्यासाठी रोप किती आणि कोणत्या दिशेला वाढेल याचा अंदाज करावा लागतो. रचनेचा प्रश्न इथे वनस्पतिशास्त्राचा प्रश्न होतो.

नियम कोठे खरा असतो?

सगळेच नियम मोडीत काढावेत असा या लेखाचा अर्थ कोणी घेऊ नये. समतोलाचा एक नियम खरोखरच भौतिकशास्त्रातून येतो, तो पाण्याच्या पातळीचा. खाचरातले, धरणातले किंवा परातीतले साचलेले पाणी आडवेच असते. आपल्या कानाच्या आतल्या भागात गुरुत्वाची दिशा सांगणारी इंद्रिये आहेत आणि उभे-आडवे यांची जाण आपल्याला जन्मभर साथ देते. म्हणून पाण्याची रेघ तिरकी आली की ते लगेच खुपते. दोन अंशांचा कल १५ सेंटिमीटरच्या छायाचित्रात एका टोकाला फक्त अर्धा सेंटिमीटर उंची देतो. तरीही पाणी सांडेल की काय असे वाटते. मुलांनी ही चूक केली तर जरूर दाखवावी, कारण तिथे छायाचित्र निसर्गाविषयी चुकीचे विधान करते. ज्या छायाचित्राविषयी मी हे सारे लिहितो आहे, त्यात पाण्याची रेघ अगदी आडवी होती. मुलीने कॅमेरा सरळ धरला होता. त्याचे गुण मात्र मी दिले नव्हते.

विज्ञानातल्या छायाचित्राला आणखी एक पथ्य असते, ते मला माझ्या व्यवसायाने शिकवले. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवली की एखादा भाग फार सुंदर दिसतो. पेशी छान विखुरलेल्या, रंग उठावदार, चौकट जणू आखून दिलेली. नवा विद्यार्थी हमखास त्याच भागाचे छायाचित्र घेतो. त्याला थांबवावे लागते, कारण बाकीच्या काचपट्टीवर पेशी दाटीवाटीने असतील किंवा मेलेल्या असतील, तर ते सुंदर छायाचित्र खोटी साक्ष देते. कोणता भाग घ्यायचा हे सौंदर्याने ठरले की मोजमाप वाकडे होते. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. आणि घोटीत परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर मी एका मुलीला नेमके उलटे सांगितले: डावी बाजू कापून टाक, म्हणजे छान दिसेल!

ते छायाचित्र पुन्हा पाहताना

परत आल्यावर मी त्या छायाचित्राची प्रत घेऊन माझाच सल्ला अमलात आणला. दोन पांढऱ्या कार्डांचे काटकोन घेऊन डावीकडचे पाणी झाकले. बाई चौकटीच्या मध्याजवळ आली. चित्र नेटके झाले. गुळगुळीत कागदाच्या दिनदर्शिकेवर शोभेल असे. भात लावणारी शेतकरी स्त्री, पाण्यात प्रतिबिंब. मग कार्डे हळूहळू मागे सरकवली. पाणी वाढू लागले. एका ठिकाणी दूरचा बांध दिसला आणि कळले की हे सगळे एकच खाचर आहे. संपूर्ण चौकट उघडल्यावर काम किती झाले आणि किती राहिले याचा हिशेब समोर आला. उजव्या कडेला लावलेल्या रोपांच्या चार-पाच ओळी, मध्ये बाई आणि तिच्या पाठीशी सगळे शेत. वाकलेल्या पाठीला दिसत नाही, पण मुलीला बांधावरून दिसते, असे ते अंतर होते.

त्या रिकाम्या पाण्याला वजन आहे. ते वजन गडद-उजळ छटांतून आलेले नाही. ते राहिलेल्या कामाचे आहे. चौकटीच्या एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याचा अख्खा दिवस, असा हा तोल आहे आणि तो चोख आहे. मला तो दिसला नाही, कारण आवणी मागे सरकत होते हे ज्ञान मी परीक्षकाच्या खोलीबाहेर ठेवून आलो होतो. 'तोंडासमोर जागा सोडा' हा नियम धावणाऱ्या, चालणाऱ्या, पाहणाऱ्या माणसांवरून बनला आहे. तो बनवणाऱ्यांनी भाताचे खाचर पाहिले असते तर त्याला एक पोटकलम जोडले असते.

या छायाचित्रात दोष नाहीत असे नाही. वरच्या बाजूला आकाशाची पट्टी थोडी जास्त आहे; ती काहीच सांगत नाही आणि कमी केली असती तर पाणी आणखी पसरले असते. बाईचा हात आणि रोपांची जुडी सावलीत हरवली आहेत. मुलगी अर्धा तास थांबती तर उजेड बाजूने आला असता. अशी टीका मी त्या दिवशी करायला हवी होती, कारण ती चित्राला जे म्हणायचे आहे ते अधिक स्पष्ट करते. माझा मूळ शेरा चित्राचे म्हणणेच पुसून टाकत होता.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते ते एवढेच. समतोल जरूर शिकवावा. तराजू आणि काटा दोन्ही फळ्यावर काढून शिकवावा. पण मुलाचे छायाचित्र हाती आले की गुण देण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत. यात तुला काय दाखवायचे होते? ही रिकामी जागा कशासाठी ठेवलीस? ती झाकली तर काय जाईल? मुलाजवळ उत्तर नसेल तर नियम त्याच्या मदतीला द्यावा. उत्तर असेल तर ते उत्तर आणि चित्र एकमेकांशी जुळतात का हे पाहावे आणि गुण त्या जुळण्याला द्यावेत. गुणपत्रिकेतील 'रचनेचा समतोल' हा रकाना काढायची गरज नाही. तो मुलाशी बोलल्यानंतर भरावा, एवढे पुरे.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भेटलो आणि शेरा चुकल्याचे तिच्या वर्गासमोर सांगितले. स्पर्धेचा निकाल लागून गेला होता, तो बदलण्याचा अधिकार मला नव्हता. तिने छायाचित्राची एक प्रत मला दिली. ती माझ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या भिंतीवर लावलेली आहे. नवा विद्यार्थी आला की त्याला मी आधी विचारतो, 'या बाई कोणत्या दिशेला चालल्या आहेत?' आजवर बहुतेकांनी उजवीकडे असे उत्तर दिले आहे. भात लावणाऱ्या घरांतून आलेली मुले तेवढी डावीकडे बोट दाखवतात.